पोळ्यानंतरचा ताप आणि काळी खपली



पोळा झाला की शेतात निंदणीची, चाऱ्याची आणि पाठोपाठ सोयाबीन काढण्याची घाई सुरू होते. बांधावरचे गवत कंबरेला लागते. नेमक्या याच दिवसांत गावात तापाचेही दिवस असतात. घरात कोणी अंथरुणाला टेकले की आपण म्हणतो, "हवा बदलली आहे, पावसात भिजणे झाले, दोन दिवसांत उतरेल." पुष्कळ वेळा तो उतरतोही. एखाद्या घरात मात्र उतरत नाही. आठवडा उलटतो, औषधे बदलतात, डॉक्टर बदलतात, आणि चांगले धडधाकट माणूस एकदम धापा टाकू लागते.

अशा न उतरणाऱ्या तापांपैकी एकाची आज ओळख करून घेऊ. त्याचे नाव स्क्रब टायफस. २०१८ सालच्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत या तापाचे बरेच रोगी रुग्णालयांत दाखल झाले, त्यातले काही दगावले, आणि हे नाव विदर्भात घरोघर पोचले. पुढे वर्तमानपत्रांतला गलबला थांबला. रोग मात्र दर पावसाळ्यात आपले काम करीतच असतो.

या रोगाचे औषध महागडे नाही आणि दुर्मिळही नाही. माणसे जातात ती रोग वेळेवर ओळखला न गेल्यामुळे. आणि ओळखण्याची पहिली खूण तर घरच्या माणसाला, घरातल्या दिव्याच्या उजेडात दिसू शकते. म्हणून हा लेख सावकाश वाचा, आणि वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा.

नाव टायफस, टायफॉइड नव्हे

पहिला घोटाळा नावातच आहे. टायफस म्हटले की आपल्या कानाला टायफॉइड ऐकू येतो. हे दोन वेगळे रोग आहेत. टायफॉइड दूषित पाण्यातून व अन्नातून पोटात जातो. स्क्रब टायफस एका बारीक किड्याच्या चाव्यातून अंगात शिरतो. जुन्या काळी टायफॉइडचा रोगी टायफसच्या रोग्यासारखा दिसे, म्हणून त्याला 'टायफससारखा' या अर्थाचे नाव पडले. तेव्हा नावातले साम्य हे दिसण्यातल्या साम्यातूनच आलेले आहे, आणि तेच साम्य आजही डॉक्टरांना चकवते.

'स्क्रब' म्हणजे झुडपी रान. रोग ज्या जंतूमुळे होतो त्याचे नाव मोठे अवघड आहे, ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी. त्यातला दुसरा शब्द जपानी. 'मुशी' म्हणजे किडा. जपानात नीगाता भागात नदीकाठच्या पूरजमिनीत कसणाऱ्या शेतकऱ्यांना हा ताप फार पूर्वीपासून माहीत होता, आणि तो एका तांबड्या किड्यामुळे येतो हेही त्यांनी ताडले होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या रानात लढणाऱ्या फौजांतले पुष्कळ सैनिक या तापाने आजारी पडले. तेव्हा त्यावर नेमके औषध नव्हते. १९४८ साली मलायात क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध त्यावर लागू पडते हे दिसून आले, आणि तेव्हापासून हा रोग बरा होणारा रोग झाला.

किडा कसा, राहतो कोठे

मृगाच्या पावसात मातीवर फिरणारा मखमली लाल किडा तुम्ही पाहिला आहे. तो निरुपद्रवी. वांग्या-भेंडीच्या पानामागे जाळी करणारा लाल कोळीही तुमच्या ओळखीचा. आपण ज्याच्याविषयी बोलतो आहोत तो याच मोठ्या कोळीवंशातला एक. त्याला चिगर म्हणतात.

गंमत अशी की या किड्याचे मोठे रूप माणसाच्या वाटेला जात नाही. ते मातीत राहते आणि इतर किड्यांची अंडी खाऊन जगते. चावते ते त्याचे पिल्लू. अंड्यातून नुकतेच निघालेले हे पिल्लू मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढे, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ न दिसणारे. ते गवताच्या पात्यावर चढून वाट पाहत बसते. खरे तर ते उंदराची वाट पाहत असते. उंदराऐवजी चारा कापणारी बाई आली किंवा बांधावर टेकलेला गडी आला, तर ते त्याच्या अंगावर चढते.

अंगावर चढल्यावर ते लगेच चावत नाही. मऊ कातडी मिळेपर्यंत, किंवा कपडा घट्ट असल्यामुळे वाट अडेपर्यंत ते चालत राहते. म्हणून चावा बहुधा परकराच्या नाडीखाली, करदोड्यापाशी, काखेत, जांघेत, चोळीच्या काठाखाली सापडतो. पिल्लू रक्त पीत नाही. लाळेने कातडी विरघळवून तो रस ते शोषते. दुखत नाही, बहुधा खाजतही नाही. पोट भरले की गळून पडते. जन्मात एकदाच ते असे जेवते.

मग रोगाचा जंतू त्याच्या अंगात येतो कोठून? आईकडून. बाधा झालेल्या मादीच्या अंड्यांतूनच तो पिल्लांत उतरतो. त्यामुळे एखाद्या बांधावर, एखाद्या पडीक तुकड्यात हा किडा वर्षानुवर्षे ठाण मांडून राहतो, आणि शेजारच्याच तुकड्यात तो नसतो. एकाच घरातली चार माणसे एकाच शेतात राबतात आणि ताप एकालाच येतो, त्याचे हेही एक कारण.

पंधरा दिवस कसे जातात

आता रोग हातातून कसा निसटतो ते पाहू. समजा, एका घरातली सून भाद्रपदात धुऱ्यावरचा चारा कापायला गेली. भारा बांधला, डोक्यावर घेतला, घरी आली, म्हशीपुढे टाकला आणि तशीच चुलीपुढे बसली. चावल्याचे तिला कळलेही नाही. ताप आला तो साधारण दहा दिवसांनी. कधी सहा दिवसांनी, कधी तीन आठवड्यांनीही येतो. इतक्या दिवसांनी त्या चाऱ्याची आठवण कोणाला राहणार?

पहिल्या दिवशी हुडहुडी भरून ताप. डोके असे दुखते की उजेड सहन होत नाही. अंग ठेचल्यासारखे. तिने घरातलीच तापाची गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी गावातल्या डॉक्टरांनी एक सुई दिली. घाम येऊन ताप उतरला, संध्याकाळी पुन्हा चढला. तिसऱ्या दिवशी हिवतापासाठी रक्त तपासले. हिवताप नाही. पाचव्या दिवशी तालुक्याला विडाल नावाची तपासणी झाली, ती 'थोडी पॉझिटिव्ह' आली. टायफॉइड ठरला. सलाईन आणि भारी इंजेक्शने सुरू झाली. सातव्या दिवशी प्लेटलेट कमी निघाल्या. मग डेंग्यू म्हणायला लागले. डोळे पिवळसर दिसले तेव्हा कोणी कावीळ म्हटले. नवव्या दिवशी ती बरळू लागली. शेजारीण म्हणाली, बाहेरचे असेल, उतारा टाका. दहाव्या दिवशी श्वास लागला आणि जिल्ह्याच्या रुग्णालयाची गाडी बोलवावी लागली.

या दहा दिवसांत कोणी हयगय केली असे म्हणता येणार नाही. खर्चही झाला, धावपळही झाली. फक्त एक गोष्ट झाली नाही. तिचे अंग कोणी नीट पाहिले नाही. तिच्या काखेत चण्याच्या डाळीएवढी एक काळी खपली पहिल्या दिवसापासून होती.

ओळखणे अवघड का जाते

यात दोष एकट्या डॉक्टरांचा नाही. हा रोग मुळातच बहुरूपी आहे. त्याची कारणे समजून घेतली तर पुढची वाट सोपी होते.

पहिले कारण, लक्षणे कोणत्याही तापाची आहेत. ताप, डोकेदुखी, अंगदुखी, मळमळ, कोरडा खोकला, पोटदुखी, डोळे लाल. हिवताप, डेंग्यू, टायफॉइड आणि लेप्टो या तापांतही हेच होते, आणि हे सगळे ताप याच महिन्यांत येतात. प्लेटलेट कमी होणे हे डेंग्यूचेच लक्षण असे आपल्या मनात पक्के बसले आहे. स्क्रब टायफसमध्येही त्या कमी होतात. अंगावर बारीक पुरळ येतो, पण सावळ्या कातडीवर तो सहसा उठून दिसत नाही.

दुसरे कारण, रक्ताची तपासणी सुरुवातीला उपयोगी पडत नाही. हे नीट ध्यानात घ्या. रक्तात बहुधा जंतू शोधला जात नाही; जंतूविरुद्ध आपल्या शरीराने तयार केलेली द्रव्ये शोधली जातात. ती तयार व्हायला आठवडाभर लागतो. म्हणून तापाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी केलेली तपासणी 'नाही' म्हणाली, तरी रोग नाही असे ठरत नाही. उलट ती द्रव्ये बरे झाल्यावरही काही महिने रक्तात राहू शकतात, तेव्हा मागच्या आजाराची खूणही आजची वाटू शकते. पहिल्या आठवड्यात खुद्द जंतूचा अंश शोधणारी पीसीआर तपासणी आहे, पण ती मोठ्या प्रयोगशाळांतच होते. वेइल-फेलिक्स नावाची एक जुनी, स्वस्त तपासणी अनेक ठिकाणी करतात. तिच्यात स्क्रब टायफसचा खरा जंतू वापरतच नाहीत. दुसऱ्याच एका जंतूवर पारख होते. ती बरेच रोगी हुकवते. आज जास्त भरवशाची मानली जाते ती आयजीएम एलायझा. आणि विडालचे म्हणाल, तर पूर्वी कधी होऊन गेलेल्या टायफॉइडमुळे किंवा इतर तापांतही ती वर जाऊ शकते. एकट्या विडालवर टायफॉइडचा शिक्का मारणे धोक्याचे.

तिसरे कारण, नेहमीची भारी इंजेक्शने येथे चालत नाहीत. हा जंतू रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींत शिरून आत राहतो. पेनिसिलीन आणि टायफॉइडवर देतात ते सेफ्ट्रायॅक्सोन यांचा त्याच्यावर परिणाम होत नाही. चोर घरात शिरून आतून कडी लावून बसला, तर गल्लीत पहारा ठेवून काय उपयोग? पण घरच्यांना वाटते, "एवढी महाग सुई चालू आहे, गुण येईलच." त्यात मोलाचे दिवस जातात.

चौथे कारण, खूण झाकलेली असते. याविषयी थोडे विस्ताराने सांगतो.

खपली कोठे शोधावी

चिगर जेथे चावतो तेथे आधी बारीक पुटकुळी येते, ती फुटते आणि तिच्यावर काळी खपली धरते. कडेने तांबडे वलय असते. आकार साधारण अर्धा ते दीड सेंटिमीटर. कोणी विझती विडी टेकवून चटका दिला असावा, अगदी तशी ती दिसते. दाबली तरी विशेष दुखत नाही आणि खाजतही नाही, म्हणून रोगी तिच्याविषयी बोलत नाही. जांघेसारख्या घामट जागी खपली ओलसर राहून नुसते पिवळट, सोललेले व्रण दिसते. खपलीच्या जवळच्या भागात, काखेत किंवा जांघेत, दुखरी गाठ लागते.

सगळ्याच रोग्यांना ही खपली येते असे नाही. काही ठिकाणी निम्म्यांपेक्षा कमी रोग्यांत ती सापडते, काही ठिकाणी जास्त. पण जेथे जाणूनबुजून शोधतात तेथे ती अधिक सापडते. तापाच्या रोग्यात ती सापडली, तर अनुभवी डॉक्टर तिच्यावरून, प्रयोगशाळेच्या कागदाची वाट न पाहता उपचार सुरू करू शकतात.

मग आपल्याकडे ती का सापडत नाही? कारण डॉक्टर बाईमाणसाचा हात पाहतात, जीभ पाहतात, फार तर पाठीला नळी लावतात. पदराआडचे, परकराआडचे बाई दाखवीत नाही आणि डॉक्टर विचारीत नाहीत. पुरुषाचेही तेच. जांघेतले दाखवायला तोही लाजतो. मर्यादा चांगली, पण तिच्यापायी जीव जायला नको. जे डॉक्टरांना दाखवता येत नाही ते सासूने, आईने, बहिणीने किंवा नवऱ्याने घरात पाहावे आणि डॉक्टरांना सांगावे. दवाखान्यात परिचारिकेला किंवा गावातल्या आशाताईला दाखवले तरी चालेल.

पाहायचे ते असे. चांगला उजेड घ्यावा. केसांत, कानामागे व मानेवर, काखेत, स्त्रियांच्या छातीखालच्या घडीत, बेंबीत आणि कमरेभोवती नाडी किंवा करदोडा बसतो तेथे, जांघेत आणि गुप्त भागाच्या आसपास, ढुंगणावर, गुडघ्यामागे. अंगावर चरबीच्या घड्या असतील तर त्या उचलून पाहाव्या. लहान मुलांचे सगळे कपडे काढून डोक्यापासून टाचेपर्यंत पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे. खपली दिसली तर ती खरवडू नये, तिच्यावर हळद, चुना किंवा राख लावू नये. तशीच डॉक्टरांना दाखवावी.

डॉक्टरांना काय सांगावे

आपण दवाखान्यात जातो आणि म्हणतो, "ताप आहे, अंग दुखते." एवढ्यावरून डॉक्टर काय ओळखणार? त्यांना हे सांगा: ताप कोणत्या दिवशी सुरू झाला, त्याआधीच्या तीन आठवड्यांत रोग्याने चारा कापला का, निंदणी केली का, पडीक रानात गुरे चारली का, गवतावर बसणे-निजणे झाले का, घराजवळ उंदीर-घुशींचा उपद्रव आहे का, अंगावर खपली आहे का, आणि आतापर्यंत कोणती औषधे झाली. जुने कागद व गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या. आणि नम्रपणे एक प्रश्न विचारा: "डॉक्टरसाहेब, हा स्क्रब टायफस तर नसेल ना?" शहाणा डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

ताप पाच दिवसांहून जास्त टिकला, तर गावठी इलाजावर थांबू नका. आणि श्वास लागणे, लघवी कमी होणे, डोळे पिवळे होणे, बरळणे, झटके येणे, हातपाय गार पडणे यांतले एकही लक्षण दिसले, तर दिवस न मोजता त्याच घटकेला मोठे रुग्णालय गाठा. दुसऱ्या आठवड्यात हा रोग फुप्फुस, मूत्रपिंड, यकृत आणि मेंदू यांवर उतरतो. योग्य उपचार न मिळाल्यास काही भागांत शंभरातले तीसपर्यंत रोगी दगावल्याच्या नोंदी आहेत.

औषध

या रोगावर डॉक्सिसायक्लिन हे मुख्य औषध. गरोदर बाईला ते सहसा देत नाहीत. तिच्यासाठी अझिथ्रोमायसिन आहे. लहान मुलांना कोणते व किती द्यायचे ते डॉक्टर वजनावरून ठरवतात. वेळेवर सुरू केले तर बहुधा दोन-तीन दिवसांत ताप उतरतो; इतक्या लवकर गुण येणे हीसुद्धा रोग ओळखण्याची एक खूणच. आयसीएमआर या देशातल्या सर्वोच्च वैद्यकीय संशोधन संस्थेने २०१५ सालीच सांगितले आहे की दाट संशय असेल, तर तपासणीच्या निकालासाठी औषध अडवून ठेवू नये. रोग बळावलेल्यांसाठी ही दोन्ही औषधे शिरेतून एकत्र देण्याचा प्रयोग भारतातल्या रुग्णालयांत सुमारे ८०० रोग्यांवर झाला. २०२३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकेकट्या औषधापेक्षा जोडीने दिल्यास गुंतागुंत कमी होते, असे त्यात दिसले.

पण म्हणून दुकानातून स्वतःच गोळ्या आणून खाऊ नका. ताप दुसऱ्याच कशाचा असला तर तो झाकला जाईल. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिली, तर ती भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यावी आणि घेतल्यावर लगेच आडवे होऊ नये, नाहीतर घशाखाली जळजळते. दुधाबरोबर घेऊ नये. दुधाने औषध अंगी लागत नाही. आणि ताप उतरला म्हणून अर्ध्यावर सोडू नये.

आईची नजर

घरच्या माणसाच्या नजरेवर मी एवढा भर का देतो, त्याचे एक दूरचे उदाहरण सांगतो. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात लाइम नावाचे गाव आहे. १९७५ साली तेथल्या आणि आसपासच्या बऱ्याच मुलांचे गुडघे सुजू लागले. लहान मुलांचा संधिवात, असे निदान झाले. पण एका आळीत इतक्या मुलांना एकदम संधिवात कसा होईल, हे दोन आयांना पटेना. त्यांनी आरोग्य खात्याकडे पाठपुरावा केला. शोध सुरू झाला आणि कळले, की रानातल्या हरणांवरच्या बारीक गोचिडीतून हा रोग येतो. १९८४ साली विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञाचे नाव त्याच्या जंतूला लाभले, ते जंतू सापडल्याच्या शोधामुळेच. त्या 'लाइम' रोगातही चाव्याच्या जागी तांबडे, पसरत जाणारे वर्तुळ उठते, आणि पहिल्या काही आठवड्यांत रक्ताची तपासणी बऱ्याचदा 'नाही' म्हणते. वर्तुळ पाहिले तर रोग ओळखतो, न पाहिले तर महिनोन्‌महिने चुकतो. किडा वेगळा, जंतू वेगळा, देश वेगळा; धडा एकच.

आपल्या देशातही असेच घडले. उत्तर प्रदेशात गोरखपूरकडे दर पावसाळ्यानंतर मुलांना मेंदूचा ताप येई. जपानी मेंदूज्वराची लस दिल्यावरही मुले आजारी पडतच राहिली. २०१५ नंतरच्या तपासण्यांत दिसले, की त्यातल्या पुष्कळ मुलांना स्क्रब टायफस होता. म्हणजे ज्याच्यावर साधी गोळी होती, तोच रोग दुसऱ्या नावाखाली लपला होता.

चावा टाळण्यासाठी

शेतात जाणे कोणाला चुकत नाही. पण काही सवयी लावता येतात.

चारा कापायला जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा, पायात बूट किंवा निदान मोजे, आणि पोटऱ्या झाकलेल्या असाव्यात. विसाव्याला किंवा भाकरी खायला गवतावर बसू नये. पोते, ताडपत्री किंवा घोंगडी अंथरावी. अंगातला सदरा, पोराचे दुपटे गवतावर टाकू नये. धुतलेले कपडेही झुडपांवर वाळत घालू नयेत, दोरीवर घालावेत. झुडपाआड बाहेरला बसण्याची सवय सोडावी, शौचालय वापरावे.

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे घरी आल्याबरोबर अंघोळ. चुलीपुढे बसण्याआधी, पोराला पदराखाली घेण्याआधी. अंग साबणाने चोळून धुवावे आणि शेतातले कपडे बदलावेत. पिल्लू चिकटून बसण्याआधी किंवा बसल्यावर लवकर धुऊन गेले, तर रोग टळण्याची शक्यता मोठी. बाईला घरी आल्यावर लगेच अंघोळीची सवड मिळत नाही, कारण चूल तिची वाट पाहत असते. अशा वेळी घरातल्या इतरांनी अर्धा तास चुलीकडे पाहावे. एवढी मदत औषधापेक्षा स्वस्त पडते.

घराभोवतीचे व गोठ्यामागचे गवत काढून टाकावे. उकिरडा आणि सरपणाचा ढीग घरापासून दूर ठेवावा, उंदरांची बिळे बुजवावीत. अंगाला लावायची कीटक पळवणारी मलमे मिळतात. तीही उपयोगी पडतात.

नेहमीच्या शंका

*हा रोग एकाचा दुसऱ्याला लागतो का?* नाही. रोग्याला वेगळे ठेवण्याचे, त्याचे ताट वेगळे करण्याचे कारण नाही. मात्र त्याच रानात गेलेल्या इतरांनी आपले अंग पाहून ठेवावे.

*गुरांच्या गोचिडीपासून हा होतो का?* नाही. गोचीड वेगळी, तिचे रोग वेगळे. सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात २०१६ पासून दिसलेला माकडताप गोचिडीमुळे येतो. त्याविषयी पुन्हा कधीतरी.

*एकदा झाला की पुन्हा होतो का?* होऊ शकतो. या जंतूच्या अनेक जाती आहेत.

*लस आहे का?* अजून नाही.

*अंगावरची प्रत्येक काळी खपली याचीच का?* नाही. फोड, खरचटणे, भाजणे यांचीही असते. पण ताप आणि खपली एकत्र दिसली, तर दाखवल्याशिवाय राहू नका.

वाचकहो, पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस कष्टाचे. या दिवसांत घरात ताप आला, तर कपाळाला हात लावून थांबू नका. दिवा जवळ घ्या, पदर-परकर बाजूला करून अंग पाहा, आणि जे दिसेल ते डॉक्टरांना सांगा. हा अंक वाचून झाला की शेजारच्या घरी द्या. तेथेही चारा कापायला कोणीतरी जातच असेल.